नवा रेडा आणि दोन हॉर्न

रविवार, ५ जानेवारी

सुट्टी. सकाळीच अन्वरच्या शेडवर. राठोड सर, कॉलेजात फिजिक्सचे मास्तर पण आमचे लहानपणापासूनचे दोस्त, आधीच येऊन बसलेले, हातात मोबाइल, चेहऱ्यावर असा आनंद की जणू कॉलेजचा निकाल शंभर टक्के लागला. नवा रेडा आला म्हणे.

रेडा म्हणजे ती अमेरिकन गाडी. अन्वरच्या अब्बांच्या गॅरेजात तिचं कॅलेंडर लटकायचं, तेव्हापासून आम्ही तिघं तिच्यावर फिदा. इंग्रजी नाव त्या वयात तोंडात बसेना. रुंद नाक, खाली घातलेली मान बघून अन्वरनंच नाव पाडलं, रेडा. तिघांपैकी एकानंही ती डोळ्यांनी पाहिलेली नाही. त्यानं काय बिघडतं.

तर कंपनीनं तिचा अवतार बदललाय. आठ सिलिंडरचं इंजिन काढून टाकलं, बॅटरी घातली. आता गाडी मुळात गप्प. म्हणून मागं खाली एक भोंगा बसवलाय, त्यातून जुन्या इंजिनासारखा आवाज सोडतात. व्हिडिओ बघून माझं डोकंच फिरलं. सर लागले सांगायला, वेग जास्त, ओढ जास्त, फिजिक्स काय म्हणतं. मी म्हटलं, "सर, लग्नात बँड न्हाई सांगितला, मोबाइल वाजवला, तर चालंल का?"

अन्वर मात्र नव्यावर खूश. चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय, त्याला पत्रा दिसतो. "आवाजाचं काय घेऊन बसला बे बालाजी. अंग बघ तिचं. मागच्या चाकावरचा उभार बघ."

मी म्हटलं, "अन्वर, तुझे कान गेले का काय?"

त्यानं सरांकडून मोबाइल घेतला आणि व्हिडिओ परत पाहिला. आवाज बंद करून.

मंगळवार, ७ जानेवारी

हिंगोली–नांदेड. कळमनुरीच्या अलीकडं वळण येतं, तिथंच अन्वरची शेड. वळणाआधी दोन हॉर्न. हा आमचा रिवाज. मी बसचे दोन हॉर्न मारायचे, त्यानं मान वर न करता हात वर करायचा, हातात हातोडा असला तर हातोड्यासकट. या रस्त्यावर ड्यूटी लागली तेव्हापासून.

आज पाठमोरा बसून जीपचा दरवाजा ठोकत होता. हात नाही.

कंडक्टर काळे मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही. "आज तुमच्या गॅरेजवाल्यानं सलामी दिली न्हाई." म्हटलं, कामात असेल.

गुरुवार, ९ जाने.

जाताना हात नाही. येताना तो शेडच्या दारात रस्त्याकडं तोंड करून चहा पीत होता. मी हॉर्नला हात घालायच्या आत त्याचा हात वर! म्हणजे साहेबांच्या मर्जीवर आहे होय.

रुसलाय. कान गेले का म्हटलं, ते लागलेलं दिसतंय. पन्नाशी उलटलेला एक माणूस न पाहिलेल्या गाडीवरून रुसतो आणि पन्नाशी उलटलेला दुसरा त्यावर रोजनिशी लिहितो. छान चाललंय आमचं.

रविवार, १२ जाने.

गेलो. रुसलेला नाही. निदान तसं दिसत तरी नाही. उलट भंगारातला पत्रा ठोकून त्यानं नव्या रेड्याचा मागचा उभार तयार केलाय, हातभर लांब. नुसतं मोबाइलवर बघून! त्यावर तळवा फिरवत म्हणाला, "जुना नुसता जाडा व्हता. हा कसलेला हाय. फरक हाय का न्हाई?"

हात फिरवून पाहिला. फिरवतच राहावंसं वाटत होतं. हे त्याला कशाला सांगा. म्हटलं, "अंग झकास हाय, पण रेडा मुका हाय."

सर म्हणाले, "मुकं जनावरच जास्त काम करतं, बालाजी." सर तांड्यातले, घरी आजही बैलजोडी. त्यांच्याशी जनावरावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

दोन गोष्टी जराशा खटकल्या. माझी खुर्ची नेहमी त्याच्या डाव्या अंगाला असते, आज त्यानं ती उचलून समोर आणून ठेवली. आणि मी विचारलं, "चहा सांगू का?" तर म्हणाला, "न्हाई, जीप परवा देतो म्हणलंय त्याला." सर खो खो हसले. अन्वरही हसला, पण आमची तोंडं बघून, जरा उशिरा.

मंगळवार, १४ जाने. संक्रांत

ड्यूटी लवकर सुटली. तिळगूळ घेऊन अन्वरच्या घरी कळमनुरीला. दरवर्षी जातो. ईदला त्यांचा शीरखुर्मा आमच्याकडं येतो, बायको सुमन त्यासाठी मोठं पातेलं राखूनच ठेवते.

अन्वर टीव्ही लावून ठेवून नुकताच शेडवर गेलेला. आवाज एवढा मोठा की गल्लीतूनच सगळ्या बातम्या ऐकत आलो. शबाना भाभींनी टीव्ही बंद केला, पाणी दिलं. तिळगूळ हातात घेतला आणि एकाएकी पदर डोळ्याला लावला.

"भाऊ, यांना ऐकू येईना झालंय. दिवाळीपासून तर लईच. फजरची अजान कळत न्हाई, मी हलवून उठवते. डॉक्टरचं नाव काढलं की उठून बाहेर जातात."

"मला काहून बोलला न्हाई?"

"कुणालाच न्हाई. गिऱ्हाइकाला कळलं तर धंदा जाईल म्हणतात. बहिऱ्याच्या हाती गाडी कोण देईल म्हणतात. तुमी सांगा भाऊ. मी सांगून थकले."

हो म्हणून आलो. बस स्टँडवर येईपर्यंत एकच वाक्य डोक्यात. तुझे कान गेले का काय. मीच म्हटलेलं, तोंडावर, सरांच्या समोर. आणि मी समजत होतो तो रुसलाय. हात वर होत नव्हता, कारण माझे हॉर्न त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते.

फार वाईट वाटतंय.

शुक्रवार, १७ जाने.

वळण आलं. हॉर्न मारावा की नको, तेच कळेना. मारला. तो पाठमोरा. मॅडम माझ्याकडं बघत होत्या, त्यांना काही सांगितलं नाही.

आता कळतंय त्याला नवा रेडा काहून आवडला. जुन्या रेड्याची सगळी मजा आवाजात. तो सुरू झाला की लोक डोळे मिटून ऐकणार, आणि अन्वरच्या वाट्याला काय? नवा सगळ्यांसाठीच गप्प. त्याच्यासमोर सगळे सारखे.

आणि मी आपला भांडतोय. आवाज न्हाई तर गाडी कसली म्हणून.

रविवार, १९ जाने.

सरांना मोटारसायकलवरच सांगितलं, कळमनुरीला जाताना. सर मागं बसलेले. मग म्हणाले, "माझ्या ध्यानात आलं व्हतं. म्हणलं आपल्यालाच वाटून राहिलं."

ठरलं. आजच सांगायचं. नांदेडला कानाचे चांगले डॉक्टर आहेत, सरांच्या मेहुण्यानं दाखवलंय. सरांनी सुरुवात करायची, मी पुढं रेटायचं.

शेडवर पोचलो. अन्वरनं खुर्च्या समोर मांडल्या. मी सरांकडं बघितलं, सरांनी माझ्याकडं. आणि सर म्हणाले, "नव्या गाडीचं वजन किती असंल रे?"

शाबास.

मग काय, तोच विषय. अन्वर म्हणाला पुढचे दिवे जुन्यापेक्षा बरे, मी म्हटलं हो. तो म्हणाला आतली खुर्ची भारी, मी म्हटलं भारी. भोंग्याची कल्पनाही वाईट न्हाई म्हणाला, मी त्यालाही मान हलवली. त्यानं हातोडा खाली ठेवला.

"आज काहून भांडून न्हाई राहिला? ताप आला का?"

"न्हाई बा."

"शबाना काय बोलली?"

"काही न्हाई."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि जीपच्या दरवाज्याकडं वळला. मग इतक्या जोरानं ठोकायला लागला की बोलायची सोयच उरली नाही. सर आणि मी चहा पिऊन परत. 

रविवार, २ फेब्रुवारी

मधल्या रविवारी गेलो नाही. ड्यूटी नव्हती, नुसतंच.

आज सरांनी ओढून नेलं, कारण बातमीच तशी. त्यांच्या तांड्यातला विलास, त्यांचाच विद्यार्थी, हैदराबादला एका शेठकडं ड्रायव्हर आहे. शेठकडं नवा रेडा! बाहेरून आणवलेला. अकोल्याच्या कुठल्याशा लग्नात नवरदेवासाठी तो रस्त्यानं जाणार, आणि विलासनं सरांना शब्द दिलाय की मोठा हायवे सोडून कळमनुरीच्या जुन्या रस्त्यानं आणतो, दहा मिनिटं थांबतो.

अन्वरला हे सरांनी मोबाइलवर लिहून दाखवलं. मुद्दाम. अन्वरनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कॅलेंडर बघायच्या वयाचा झाला. मला म्हणाला, "आता तूच बघ, कोण खरं बोलून राहिलं ते."

म्हणजे आमचं भांडण अजून चालू आहे. बरं वाटलं.

शनिवार, १५ फेब्रु.

उद्या. सुट्टीची अदलाबदल करायची गरज पडली नाही, रविवारच आहे. सुमन म्हणते, "मुलगी बघायला निघाल्यासारखं काय करून राहिले." दाढी उद्या सकाळी.

रविवार, १६ फेब्रु.

आला.

सगळं लिहून ठेवतो.

ऊन चढलं होतं. रस्त्यालगतच्या रानात हळदीची काढणी, बाया बांधावर भाकरी सोडून बसलेल्या, त्या पण उठून आल्या. रेडा काळाभोर. लग्नाला निघालेला म्हणून बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढं लिंबू-मिरच्या. अमेरिकेनं एवढी अक्कल खर्चून बनवला आणि शेवटी तोही दृष्टीला घाबरला. अन्वर जवळ गेला नाही. दुरूनच एक फेरी मारली, हात मागं बांधून.

शेडपुढचा ब्रेकर गावानं स्वतः घातलाय, बैलाच्या वशिंडाएवढा. विलासनं काच खाली केली. "सर, याच्यावरनं पोट घासंल. शेठ मला जितं ठेवणार न्हाई."

झालं, अन्वर कामाला लागला. शेडमधल्या फळ्या आणल्या, हळदीची रिकामी पोती दुमडून खाली घातली, चाकाला चढण करून दिली. पुढं बसून एक डोळा गाडीच्या पोटाखाली आणि हातानं इशारे, ये, ये, थांब, ये. पुढची चाकं पार. मग तो मागं गेला, मागच्या फळ्या नीट करायला वाकला. तोंड फळ्यांकडं.

पुढची एक फळी सरकली. गाडी मागं यायला लागली. काही आवाज नाही, नुसती मागं. विलासनं हॉर्न दाबला. बाया ओरडल्या. सर ओरडले, मी ओरडलो, "अन्वर, हट!" तो आपला पोतं दुमडतोय.

धावत जाऊन कॉलरला धरून ओढला. दोघंही खाली. गाडी हातभर अंतरावर थांबली, विलासनं ब्रेक मारला होता.

"काय करून राहिला बे!" अन्वर माझ्यावरच उखडला. मग त्यानं वर बघितलं. सगळ्यांची तोंडं अजून उघडीच होती. त्याला कळलं की सगळे ओरडले होते. गर्दीतून एक बाई म्हणाली, "बहिरा हाय का ह्यो?" तिला वाईट बोलायचं नव्हतं. ते त्याला ऐकू आलं नसेल, पण तिच्याकडं बघताना त्याचं तोंड उतरलं.

अंग झटकून उठला. फळ्या परत लावल्या, या वेळी मी मागं उभा राहिलो आणि तो पुढून मला बघून इशारे देत राहिला. पोट न घासता रेडा पार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या त्यानं बघितल्या.

मग चहा. मग विलास म्हणाला, "सर, आवाज ऐकायचा का?" पडद्यावर बोट लावलं.

मी तयारीतच होतो. भोंगा आहे, खोटा आहे, माहीत आहे. आणि तो आवाज पोटात आला, पोटातून छातीत. अब्बांचं गॅरेज आठवलं. आम्ही तिघं ते कॅलेंडर बघत बसायचो आणि तोंडानं आवाज काढायचो, सगळ्यात भारी आवाज अन्वर काढायचा. खोट्या भोंग्यानं हे करावं याचा संताप आला. पण आलं खरं.

अन्वर शेजारी येऊन उभा. "कसा हाय? खरं सांग."

मी म्हटलं, "डब्यातला हाय. दम न्हाई."

"मी म्हणलं व्हतं," तो म्हणाला. हसला. आत जाऊन पत्र्याचा तुकडा घेऊन आला, रेड्याच्या मागच्या उभाराला लावून बघितला. बोटभर फरक. त्यातच रमला. विलासनं निघतो म्हटलं तरी तुकडा बाजूला करेना.

खोटं बोललो ते बरं केलं असं वाटतंय. दुसरं काय बोलणार होतो.

मंगळवार, १८ फेब्रु.

वळणावर हॉर्न मारायच्या आधीच दिसलं, अन्वर रस्त्याला उभा, हात आडवा. गाडी थांबवली. चढला, कळमनुरीचं तिकीट काढलं. जागा होती, बसला नाही. माझ्या मागच्या दांड्याला धरून उभा राहिला. वर पाटी आहे, चालकाशी बोलू नये. त्याच्या अगदी डोक्यावर.

"परवा खोटं बोलला," तो म्हणाला. आता तो मोठ्यानं बोलतो, पाचव्या सीटपर्यंत ऐकू गेलं असणार. "आवाज झाला तवा मी गाडीकडं बघत नव्हतो. तुझ्याकडं बघत व्हतो. तुझ्या हातावर काटा आला व्हता. भर उन्हात."

मी समोर बघत राहिलो. बोलून उपयोगही नव्हता, माझं तोंड काचेकडं.

"लई भारी असंल आवाज. मला तुझ्या हातावरनं कळलं."

कळमनुरी आली. उतरला, मागं न बघता गेला. मॅडमनी घंटी दिली. मग दुसऱ्यांदा दिली. मग पुढं येऊन म्हणाल्या, "काय झालं ओ?" म्हटलं, डोळ्यात धूळ गेली.

रविवार, २३ फेब्रु.

आज बोललो. समोर खुर्ची, त्याच्या तोंडाकडं तोंड, सावकाश.

आधी ते. "आवाज भारी व्हता. भोंग्याचा व्हता तरी भारी व्हता. आवाजावरून मी हरलो." सर म्हणाले, हे लिहून घ्या, पुन्हा म्हणणार नाही.

अन्वर म्हणाला, "मी बी हरलो मंग. मी म्हणलं व्हतं आवाजात काही न्हाई."

मग मी म्हटलं, "गुरुवारी नांदेड. कानाचे डॉक्टर. माझी पहिलीच गाडी हाय."

पत्र्याचा तुकडा मांडीवर घेऊन बसला होता. "रोजे झाल्यावर बघू."

"रोज्याच्या आधी. अजान तरी आपल्या कानानं ऐकशील."

"आणि काहीच झालं न्हाई तर? मशीन लावून बी न्हाई आलं तर?"

मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "तर आमी आणखी मोठ्यानं भांडू."

अन्वर हसला. या वेळी उशिरा नाही. पण येतो म्हणाला नाही. सरांनी दोनदा विचारलं, त्यानं दोन्ही वेळा चहा सांगितला.

बुधवार, २६ फेब्रु. महाशिवरात्र

औंढ्याच्या यात्रेची जादा गाडी. गर्दी एवढी की कंबरेचा काटा ढिला. उपास, साबुदाणा, आता अंथरूण.

संध्याकाळी अन्वरचा मेसेज. फोन तो आता घेत नाही, लिहितो. "उद्या कितीची गाडी". वेळ कळवली. मग मीच लिहिलं, वळणावर हॉर्न नको, लाइट मारतो. तू बघ.

उत्तर आलं: "हॉर्नच मार. दोन."

येतो की येत नाही, त्यात काही नाही. भाभींना फोन केला. म्हणाल्या, "शर्ट इस्त्री केलाय. पण बोलले काही न्हाई."

काळे मॅडमना सांगून ठेवलंय, माझ्या मागची खिडकीची सीट, रुमाल टाकून. त्या म्हणाल्या, पहिल्या गाडीला कोण भांडणार आहे. तरी टाका म्हटलं.

उद्या वळणाआधी दोन हॉर्न. रस्त्याला उभा असला तर ठीक. नसला तर गाडी थांबवून तिसरा मारीन.